क्लेमने ठरवलेल्या बुड्या

समुद्रात बुडी मारायची हौस माझी नव्हती. ती क्लेमची, माझ्या नवऱ्याची. आमचं गाव पश्चिम ऑस्ट्रेलियातलं नॅरोजिन, म्हणजे चहूकडे गहू आणि मेंढ्या. समुद्र बघायचा तर गाडी काढून निम्मा दिवस त्यातच घालवावा लागतो. क्लेम तिथेच जन्मला आणि तिथल्याच धान्याच्या कोठारावर नोकरीला लागला. सुगीत ट्रकांच्या रांगा लागायच्या, आणि हा वजनकाट्याच्या खोलीत बसून दोन ट्रकांच्या मधल्या वेळात माशांवरची पुस्तकं वाचायचा. गव्हाच्या धुळीने खोकत खोकत माशांची नावं पाठ करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निवृत्त झाला त्या वर्षी एक दिवस जेवताना म्हणाला, "आपण स्कूबा शिकू या. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं."

"आपण म्हणजे कोण?"

"तू आणि मी. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं. जोडीदार लागतो."

"मग शेजारच्या रेगला ने."

"रेगबरोबर मला जमिनीवर धड राहता येत नाही, नोला. पाण्याखाली काय राहणार?"

मी केस धुतानासुद्धा तोंडावर पाणी येऊ देत नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात क्लेमने माझ्याकडे स्वतःसाठी म्हणून फारसं काही मागितलं नव्हतं. हा बुडाला तर निदान शेजारी कोणीतरी ओळखीचं असावं, एवढ्या विचाराने मी हो म्हणाले.

शिकायची सोय किनाऱ्यावरच्या बनबरीला होती. दुकान टॅमसिन नावाच्या मुलीचं. शिकवणारी तीच, फोन घेणारी तीच, टाक्या भरणारीही तीच. तिने आधी आम्हाला डॉक्टरीणबाईंकडे धाडलं, कारण तपासणीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. डॉक्टर पेरेरा म्हणून होत्या. त्यांनी माझे कान पाहिले, छाती ऐकली आणि मला ठणठणीत ठरवलं. मग क्लेमकडे वळल्या.

"छातीचं कधी काही दुखणं?"

"काही नाही," क्लेम म्हणाला. "तरुणपणी एकदा एक फुप्फुस आपोआप बसलं होतं. पण बरं झालं लगेच. त्यानंतर शिंकसुद्धा नाही."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आपोआप?"

"हो. पोती उचलत होतो, तेवढंच."

त्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग शांतपणे म्हणाल्या, "क्लेम, पाण्यातून वर येताना छातीतली हवा फुगते. ज्याचं फुप्फुस एकदा आपोआप बसलंय त्याच्यात कच्ची जागा राहिलेली असू शकते. तिथे हवा अडकली तर ते फाटेल. आणि पाण्याखाली ते झालं तर कोणाच्या हातात काही उरत नाही. मी सही देणार नाही. दुसऱ्या कोणी दिली तरी तुम्ही जाऊ नका."

"अगदी उथळ पाण्यात गेलो तर?"

"उथळ पाण्यातच जास्त धोका. हवा तिथेच झपाट्याने फुगते."

क्लेमने मान हलवली, त्यांचे आभार मानले, टोपी घातली. बाहेर आल्यावर गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. एरवी तो मला हमरस्त्यावर गाडी चालवू देत नाही. वाटेतल्या कॉली गावापर्यंत मीच गाडी चालवली. तिथे बेकरीपुढे गाडी थांबवली, मटणाचे दोन पॅटिस आणले आणि गाडीतच खात बसलो. माझ्या मनात एकच येत होतं, बक्षीस भलत्याच माणसाला लागलं.

"तू शीक," क्लेम म्हणाला.

"मी कशाला? मी तर तुझ्यासाठी येत होते."

"माझ्यासाठीच शीक. खाली जा, बघ, आणि वर येऊन मला सांग." मग पॅटिसचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळत म्हणाला, "बाकी सगळं मी बघतो. कुठे जायचं, कोणाबरोबर, कधी, ते सगळं. तू फक्त बघायचं."

नाही म्हणायला मला जमलं नाही.

शिकताना माझा जीव अडकला तो डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कपाशी. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि खालीच नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं, हा त्यातला एक धडा असतो. टॅमसिन हातवारे करून सांगायची, आणि मी दर वेळी ठसका लागून पोहण्याच्या तलावातून वर यायची. क्लेम काठावरच्या बाकावर थर्मास घेऊन बसलेला असायचा. कधी "जमेल" म्हणाला नाही, कधी "कर प्रयत्न" म्हणाला नाही. एकदा मी काठाला धरून रडकुंडीला येऊन म्हणाले, "मला नाही जमायचं हे."

"बरं," तो म्हणाला. "चहा पी. मग ठरव."

चहा प्याले आणि परत खाली गेले. कशी कोण जाणे, पण पास झाले. टॅमसिनने माझ्या हातात कार्ड ठेवलं तेव्हा क्लेमने ते घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात घालून गुंडी लावली.

तिथून क्लेमच्या फोनचे दिवस सुरू झाले. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत असायची आणि तो टेबलाशी बसून एकेका बोटवाल्याला पिडत असायचा.

"बायको नवशिकी आहे. नाही, घाबरत नाही, वाद घालते. एका वाटाड्यामागे किती जण असतात? आठ? आठ फार होतात. प्रवाह कसा असतो? भरतीला की ओहोटीला? आणि पाण्यातून वर बोटीत यायला शिडी कशी आहे? तिचे गुडघे दुखतात. नाही, चढेल ती, पण शिव्या देईल."

मी तिथून म्हणायची, "मी ऐकतेय."

"ती ऐकतेय म्हणे," तो फोनमध्ये सांगायचा.

एका बोटवाल्याने बुडालेल्या जहाजाची सफर सुचवली. तीस मीटर खोल, पण तुमची मंडळी येऊ देत, बघू काय ते, असं म्हणाला. क्लेमने नम्रपणे फोन ठेवला आणि मला म्हणाला, "बघू काय ते, असं म्हणणाऱ्याबरोबर मी तुला बाजारातही पाठवणार नाही." माझ्यासारख्या नवख्या माणसाने अठरा मीटरच्या खाली जायचं नसतं, हे माझ्यापेक्षा त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिली मोठी सफर त्याने कोरल बेची ठरवली. दोन दिवस गाडीने उत्तरेला. पाणी कोमट, तळ उथळ, वाटाड्यामागे चारच जण. सगळं त्याने सांगितल्याबरहुकूम होतं. मी उतरले, अर्धा-पाऊण तास खाली राहिले, वर आले. शिडीपाशी क्लेम वाकून उभा होता.

"काय पाहिलंस?"

मी खूप आठवून पाहिलं. "काटा," म्हणाले. "हवा किती उरली ते दाखवतो ना, तो काटा. आणि पुढच्या माणसाच्या पायातले पिवळे रबरी फिन्स."

क्लेमने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. "काटा कसा होता?" त्याने विचारलं.

"छान होता. सावकाश उतरत होता."

तेव्हा आम्ही दोघं हसलो. पण त्याच संध्याकाळी त्याच्या नाकाकडे माझं लक्ष गेलं. उन्हाने सोलून निघालं होतं. बोटीवर सावलीची जागा बुडी मारून आलेल्यांसाठी होती, आणि हा दिवसभर इंजिनाच्या बाजूला डिझेलच्या धुरात बसून होता. माझ्या शिडीची चौकशी त्याने तीनदा केली होती. आपण कुठे बसणार, हे एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला आम्ही ज्युरियन बेला गेलो. तिथे समुद्रसिंह असतात. एक माझ्या अगदी तोंडाशी आला, डोकं खाली पाय वर करून माझ्याकडे बघितलं आणि गेला. या वेळी मला सांगण्यासारखं काहीतरी होतं, पण सांगता येईना.

"करडा होता," मी म्हणाले. "मोठा होता. डोळे होते."

"डोळे सगळ्यांनाच असतात, नोला."

"अरे, मला कळतच नाही कुठे बघायचं. सगळं एकदम समोर असतं. तू असतास तर बोट दाखवून सांगितलं असतंस, हे बघ, ते बघ."

त्याने माझे फिन्स पिशवीत भरले.  घरी येईपर्यंत माझं ते वाक्य माझ्याच डोक्यात घोळत होतं.

बसल्टनचा धक्का आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो. लाकडी, समुद्रात पार आत गेलेला, वरून छोटी आगगाडी धावते. त्याच्या टोकाला पाण्यात एक गोल खोली उतरवलेली आहे. आत जिना आहे, आठ मीटर खाली जाता येतं, आणि भिंतीला जाड काचेच्या खिडक्या आहेत. आत साधी हवा, वरच्यासारखीच. फुप्फुसाला काही होत नाही. आमच्या मेरिडिथने, पर्थला असते ती मुलगी, डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर लगेचच बापाला हे सुचवून पाहिलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "खिडकीत बसून मासे बघायला मी काय मांजर आहे?" त्यानंतर घरात कोणी विषय काढला नव्हता.

क्लेम रेगकडे गेलेला पाहून मी टॅमसिनला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः बुडी ठरवत होते.

"धक्क्याखाली नवख्या माणसाला जाता येतं का?" मी विचारलं.

"तुम्हाला येईल. मी येते तुमच्याबरोबर," टॅमसिन म्हणाली. "पण क्लेम कुठायत? फोन तुम्ही कसा केलात?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "त्या खोलीत माणसांना गटागटाने खाली नेतात. वेळ विचारून घेते, त्या बेताने आपण पाण्यात उतरू. मोठ्या खिडकीपाशी थांबू."

"आणि तो आलाच नाही तर?"

"मग दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला हात करू आणि परत येऊ."

फोन ठेवल्यावर मला आठवलं की शिडीचं विचारायचं राहिलं. पुन्हा केला. मग वाऱ्याचं राहिलं. तिसऱ्यांदा केला तेव्हा टॅमसिन म्हणाली, "नोला, तुम्ही क्लेमच्या वरताण आहात."

रात्रीच्या जेवणाची भांडी क्लेम पुसत होता तेव्हा मी सांगितलं, "बसल्टनला जायचंय. बुकिंग झालंय. मी केलंय."

त्याचा हात थांबला. "तू?" मग लगेच सुरू झाला. "किती खोल?"

"आठ मीटर."

"कोणाबरोबर?"

"टॅमसिन. मी आणि ती, दोघीच."

"वारा?"

"वायव्येचा सुटला तर रद्द. ती आदल्या दिवशी कळवेल."

"हं," तो म्हणाला. नाव ठेवायला जागा सापडत नव्हती. "मी धक्क्यावर थांबतो मग."

"धक्क्यावर नाही. तू खाली. काचेच्या आत, माझ्यासमोर."

त्याने ताटली ठेवली. फडकं घडी करून ठेवलं. "मला कोणाची दया नको, नोला. तुझीही नको."

"दया कोण करतंय? मला वाटाड्या हवाय. एवढी दोन दोन दिवस गाडी चालवून नेतोस आणि मी काटा बघून येते. तू आत उभा राहा आणि बोट दाखव. तू दाखवशील तिकडे मी बघेन. एवढं साधं काम आहे, करायचं तर कर, नाही तर मांजर पाठव."

तो मागच्या दाराने शेडमध्ये गेला. मी ओटा पुसला, किटली लावली. बऱ्याच वेळाने तो दारात येऊन उभा राहिला.

"कुठल्या बाजूच्या खिडकीपाशी?"

"ते विचारलं नाही."

"मग विचारलंस काय इतका वेळ?" म्हणाला, आणि फोन उचलला.

ठरलेल्या दिवशी वायव्येचा वारा सुटलाच. टॅमसिनने रद्द केलं. क्लेम दिवसभर घरात येरझारा घालत होता, आणि मी मात्र मनातून खूश होते, कारण जायला मिळालं नाही म्हणून हळहळणारा तो होता. पुढची तारीख मिळाली तेव्हा समुद्र तेलासारखा सपाट होता.

त्याला धक्क्यावरच्या आगगाडीत बसवून मी टॅमसिनबरोबर सामानाच्या हातगाडीमागे चालत गेले. शिडी चांगली होती, पण तरी मी शिव्या दिल्या. खाली गेलो. धक्क्याचे खांब वरून काळे दिसतात, पाण्याखाली मात्र एकही जागा मोकळी नव्हती. पांढरं, नारिंगी, जांभळं, सगळं त्यांच्यावर उगवलेलं, आणि मधून माशांचे थवे जात होते. मी नेहमीसारखी काटा धरून होते. टॅमसिनने दंडाला धरून मला वळवलं, आणि समोर खिडकी होती.

आत बरीच माणसं होती. कोणी फोटो काढत होतं, कोणी हात हलवत होतं. क्लेम एका कडेला उभा होता, हिरव्या स्वेटरमध्ये, टोपी काढून हातात धरलेली, चर्चमध्ये उभं राहावं तसा. तो हात हलवत नव्हता. नुसता बघत होता. माझ्याकडे, माझ्या मागे, वर, खाली. आयुष्यभर पुस्तकात पाहिलेलं सगळं त्याच्यासमोर होतं आणि त्याच्या मधोमध मी तरंगत होते. त्याने तळवा काचेला लावला. मी हातमोजा लावला. काच एवढी जाड होती की त्याच्या हाताची ऊब वगैरे काही लागली नाही. पण मला बरं वाटलं.

मग तो कामाला लागला. त्याने माझ्या डाव्या खांद्याच्या वर बोट दाखवलं. मी वळले. खांबाला चिकटून एक कटलफिश होता, ऑक्टोपसचा भाऊबंद. मी त्याच्या शेजारून आले होते आणि मला दिसला नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत तो तपकिरीचा पांढरा झाला आणि पुन्हा तपकिरी. मी क्लेमकडे पाहिलं. त्याने भुवया उंचावल्या, म्हणजे पाहिलास ना? मी बोटांनी ठीकची खूण केली. मग त्याने खाली दाखवलं, अगदी काचेच्या कडेला, तिथे नखाएवढी निळी-पिवळी गोगलगाय, शंखाशिवायची. मग वर. मग लांब. आतली दोन-चार माणसं आता क्लेमच्या बोटाकडे बघून बघायला लागली होती, आणि तो त्यांना काहीतरी सांगत होता. मला ऐकू येत नव्हतं, पण त्याचं तोंड बंद नव्हतं.

मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आले, पाठीवर उंच पंख असलेले. आमच्याकडे त्या माशाचं नावच 'म्हातारी बायको' आहे. क्लेमने माशाकडे बोट केलं. मग माझ्याकडे केलं. पुन्हा माशाकडे. आणि टोपी छातीशी धरून मला लवून नमस्कार केला.

मला हसू आवरेना. हसताना गाल हलतात आणि मास्क उचलला जातो. पाणी आत शिरलं, डोळ्यांपर्यंत आलं. मी मास्क दाबला, नाकाने फुंकलं, पाणी बाहेर गेलं, आणि मी परत त्याच्याकडे बघायला लागले. आपण काय केलं हे मला वर आल्यावर टॅमसिनने सांगितलं तेव्हा कळलं. काट्याचीही तिनेच आठवण केली, माझ्या हातावर टिचकी मारून.

आतला गट वर निघाला. त्यांना नेणारी बाई क्लेमपाशी आली. त्याने तिला काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना घेऊन गेली. तिचं नावही मला माहीत नाही. पण त्या काही मिनिटांसाठी मी तिची जन्माची ऋणी आहे. त्या एवढ्या मोठ्या गोल खोलीत तो एकटा होता, बाहेर मी होते, आणि तो बोट दाखवत होता.

शेवटी त्यानेच अंगठा वर केला. वर जा, अशी खूण. हवा संपत आल्याचं त्याने टॅमसिनच्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार.

परतीच्या आगगाडीत मलाही बसायला मिळालं. चालवणाऱ्याने माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहून बाकावर टॉवेल टाकायला सांगितलं, एवढंच. क्लेमने अंगातला स्वेटर काढून माझ्या गळ्यात घातला. टॅमसिन समोर बसली होती. तिला तो म्हणाला, "तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. मटण खातेस ना? अर्धी मेंढी आणून देतो."

"फ्रीजर लहान आहे माझा, क्लेम."

"मग फ्रीजरही आणतो."

आणि तो बोलायला लागला. कटलफिश रंग कसा बदलतो, तो का बदलतो, ती गोगलगाय काय खाते, खांबावरचं ते पांढरं म्हणजे झाड नाही, प्राणी आहे, आणि मागे एक मोठा सॅमसन मासा फिरत होता तो तुला दिसला का? नाही दिसला, मी तुला दाखवायला गेलो तोवर वळला, पुढच्या वेळी आपण सकाळी लवकर येऊ, तेव्हा पाणी आणखी स्वच्छ असतं. वाऱ्यात आणि रुळांच्या खडखडाटात त्याचं निम्मं मला ऐकू येत नव्हतं. मी मान डोलवत होते. नाकातून खारं पाणी गळत होतं ते त्याच्याच बाहीला पुसत होते. मी जे पाहून आले होते ते तो मला सांगत होता. गाडी किनाऱ्याला लागली, माणसं उतरली, टॅमसिन टाक्या उतरवायला गेली, तरी त्याचं संपलं नव्हतं. आणि मीही उठले नाही.